कल रक्तात असतो का?

गेल्या पालकसभेनंतर शाळेच्या फाटकाशी एक पत्रक वाटले गेले. मुलाच्या गालाच्या आतून कापसाचा बोळा फिरवून द्यायचा आणि काही आठवड्यांत त्याचा 'उपजत कल' सांगणारा रंगीत अहवाल घरपोच मिळवायचा, अशी ती योजना आहे. गणित, संगीत, खेळ, नेतृत्व, साऱ्यांना जनुकांवरून गुण! या तपासणीच्या शिबिरासाठी शाळेचे सभागृह मिळावे, असा अर्ज विश्वस्त मंडळाकडे आला असून काही पालकांचा त्याला पाठिंबाही आहे. आमचा मात्र विरोध आहे.

'आमच्या घराण्यात गणित रक्तातच नाही हो,' हे वाक्य दहावीच्या पालकसभेत दरवर्षी कानी पडते. तेव्हा आधी रक्तच पाहू. रक्ताच्या थेंबात ज्या पांढऱ्या पेशी असतात त्यांपैकी लिम्फोसाइट नावाच्या पेशी रोगप्रतिकाराचे काम करतात. त्यांत टी आणि बी असे दोन प्रमुख गट आहेत. टी पेशी छातीच्या हाडामागील थायमस ग्रंथीत तयार होऊन बाहेर पडतात. सूक्ष्मदर्शकाखाली दोन्ही सारख्याच दिसतात, गोल आणि मोठ्या केंद्रकाच्या. दोघींत जनुकेही जवळजवळ तीच. मग कामे वेगळी कशी? कारण जनुके असणे वेगळे आणि ती वापरात असणे वेगळे. आपल्या इंदूरच्या मुलाला मराठी येते, हिंदी येते, पण आजीजवळ एक निघते आणि सराफ्यात दुसरी. त्याला येणाऱ्या भाषांची नुसती यादी वाचून तो या क्षणी काय बोलतो आहे, हे कळेल का?

पेशी काय 'बोलते' हे ओळखण्याची एक रीत तर चक्क वजाबाकीची आहे. टी पेशी रोगजंतूची खूण कोणत्या प्रथिनाने ओळखते, हे कोडे बरीच वर्षे सुटत नव्हते. जनुक वापरात आले की पेशी त्याच्या संदेशाच्या प्रती काढते. अमेरिकेत बेथेस्डा येथे स्टीफन हेड्रिक आणि मार्क डेव्हिस यांनी टी पेशीतील अशा संदेशांवरून डीएनएच्या जुळत्या प्रती बनवल्या आणि त्या बी पेशीच्या संदेशांत मिसळल्या. दोन्हीकडे समान असलेल्यांच्या जोड्या जमल्या. त्या काढून टाकल्या. सहलीच्या यादीतून स्नेहसंमेलनाच्या यादीतली नावे खोडावीत, तसेच हे! शंभरातले सुमारे अठ्ठ्याण्णव संदेश दोन्हीकडे तेच निघाले. उरलेल्या मूठभरांत ते हवे असलेले जनुक सापडले. टोरांटोत टॅक माक यांच्या गटाने थोड्या निराळ्या वाटेने माणसाच्या टी पेशीत तेच शोधले. दोन्ही निबंध मार्च १९८४ मध्ये 'नेचर'मध्ये एकाच वेळी आले. (या एका जनुकाच्या बाबतीत टी पेशी मूळ मजकुरातही कापाकापी करते, पण तो स्वतंत्र लेखाचा विषय आहे.)

टी पेशींतही पुन्हा पोटभेद आहेत. काही मदतनीस, काही मारक आणि काही नियामक, म्हणजे आपल्याच शरीरावर उलटणाऱ्या इतर पेशींना आवर घालणाऱ्या. या नियामकांची गोष्ट एका आजारी उंदरापासून सुरू होते. १९४९ मध्ये अमेरिकेतील ओक रिज येथील प्रयोगशाळेत काही नर पिल्ले खपली धरलेल्या कातडीची जन्मली आणि थोड्या आठवड्यांतच मेली. प्रयोगशाळेने तो वंश जपून ठेवला. अर्धशतकानंतर मेरी ब्रंको आणि फ्रेड रॅम्सडेल यांनी दोष कोणत्या जनुकात आहे हे शोधायला घेतले. शोध वीस जनुकांपर्यंत आवळत आणला आणि त्यांतले अगदी शेवटचे, विसावे, दोषी निघाले. २००१ साली जाहीर झालेले हेच 'फॉक्स-पी-३'. नियामक पेशी घडते ती हे जनुक चालू असल्यामुळे, हे २००३ मध्ये जपानच्या शिमोन साकागुची यांनी दाखवले. २०२५ चे वैद्यकाचे नोबेल या तिघांना मिळाले.

आता पत्रकाकडे येऊ. फॉक्स-पी-३ गालाच्या पेशीतही आहे, फक्त तिथे ते बंद आहे. गालावर फिरवलेला बोळा अक्षरे वाचतो. त्यांतले कोणते पान कोठे, केव्हा उघडे आहे हे त्याला दिसत नाही. एकाच मुलाची मदतनीस पेशी आणि नियामक पेशी त्या चाचणीला दिली, तर तो कापाकापीचा भाग सोडून दोघींचा अहवाल एकच येईल! एका पेशीचे काम ज्या वाचनातून कळत नाही, त्यातून मुलाने विज्ञान घ्यावे की वाणिज्य, हे कळणार? मूल म्हणजे पेशी नव्हे हे आम्हीही जाणतो. पण म्हणूनच तर ते अधिक अवघड आहे. त्याचा अभ्यास, शिक्षक, घरातले बोलणे, मित्र यांतले काय त्या बोळ्यावर येते?

जनुकांच्या चाचण्याच नकोत, असे आमचे म्हणणे नाही. फॉक्स-पी-३ मधील बिघाडाने माणसाची मुलेही तान्हेपणीच गंभीर आजारी पडतात. थॅलसेमिया, सिकलसेल हे एकेका जनुकातील बदलांमुळे होणारे आजार आहेत, आणि सिकलसेल निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम तर जुलै २०२३ मध्ये आपल्याच मध्य प्रदेशातील शहडोलहून सुरू झाली. अशा तपासणीसाठी कोणी सभागृह मागितले, तर सतरंज्या आम्ही स्वतः अंथरू. आक्षेप आहे तो अकरावीच्या विषयांची निवड अहवालावर सोपवण्याला. एकदा घरात 'गणित : कमी' असा छापील कागद आला की मुलगी गणिताचे पुस्तक कोणत्या मनाने उघडेल, याचा विचार पाठिंबा देणाऱ्या पालकांनी करावा.

विश्वस्त मंडळाची बैठक पुढील आठवड्यात आहे. आमचे पत्र कार्यालयात दिले आहे. ज्यांना सही करायची असेल त्यांनी मधल्या सुटीत यावे. तसेच येत्या शनिवारी सकाळी दहा वाजता प्रयोगशाळेत जीवशास्त्राच्या बाई रक्ताची काचपट्टी लावणार आहेत. पालकांनी मुलांसह अवश्य यावे. लिम्फोसाइट दिसतील, पण त्यांतली टी कोणती आणि बी कोणती, हे बाईंनाही सांगता येणार नाही.