प्रहर बांधलेला दिवस

घरात अंथरुणाला खिळलेले माणूस असले, की दिवस आणि रात्र यांच्यातली सीमारेषा पुसट होते. औषध, पेज, कपडे बदलणे, पुन्हा औषध. रुग्णाला दवाखान्यात घेऊन येणाऱ्या सुनेला किंवा मुलाला ‘तुम्ही विश्रांती कधी घेता?’ असे मी विचारतो, तेव्हा बहुधा उत्तर येते, ‘वेळ मिळाला तर.’ वाचकहो, असा वेळ आपोआप मिळत नाही. तो बांधून घ्यावा लागतो. या बाबतीत सुमारे पंधराशे वर्षांपूर्वीची एक ख्रिस्ती परंपरा आजही उपयोगी पडते.

इटलीत रोम आणि नेपल्स यांच्या दरम्यान माँते कासिनो येथे सहाव्या शतकात संत बेनेडिक्ट यांनी मठ स्थापला आणि मठवासीयांसाठी ७३ प्रकरणांची नियमावली लिहिली. तीत दिवसा सात वेळा आणि रात्री एकदा प्रार्थना सांगितली आहे. मधल्या वेळात श्रम, वाचन, भोजन आणि निद्रा. प्रार्थनेचा संकेत कानी पडताच हातातले काम तसेच ठेवून निघावे, असा दंडक आहे. उन्हाळ्यात दुपारच्या भोजनानंतर मौन राखून पडावे आणि रात्रीच्या अखेरच्या प्रार्थनेनंतर बोलणे थांबवावे, असेही सांगितले आहे. आज अनेक देशांत संसारी, नोकरदार माणसेही आपल्या परीने हे प्रहर पाळतात.

मला अधिक मोलाची वाटतात ती ३६ आणि ३७ ही प्रकरणे. रुग्णसेवेला सर्वांत आधीचे स्थान द्यावे, ती प्रत्यक्ष ख्रिस्ताची सेवा मानावी, असे तेथे म्हटले आहे. त्याच ठिकाणी रुग्णालाही बजावले आहे, की अवाजवी मागण्यांनी सेवा करणाऱ्यांना कष्टी करू नये. वृद्ध आणि बालके यांना मात्र आहाराच्या कडक नियमांतून सूट आहे. त्यांनी ठरल्या वेळेआधी खाल्ले तरी चालते.

यातून आपण काय घ्यावे? सेवा करणाऱ्यांनी दिवसात तीन थांबे निश्चित करावेत: सकाळी कामाला लागण्यापूर्वी, दुपारच्या जेवणानंतर आणि निजण्यापूर्वी. मोबाइलचा गजर हीच आपली घंटा. रुग्ण सुरक्षित आहे याची खात्री करून दहा मिनिटे शांत बसावे. प्रार्थना, नामस्मरण, नमाज, किंवा नुसता संथ श्वास, ज्याची जशी श्रद्धा. भांडी तेवढा वेळ थांबतील. दुपारचा थांबा शक्य नसेल, तर तेवढ्यापुरते घरातल्या दुसऱ्या कोणी रुग्णाजवळ बसावे.

ज्येष्ठांनो, बारीकसारीक गोष्टी एकदम सांगाव्यात. पाण्याचा तांब्या, चष्मा, रेडिओ हाताशी ठेवून घ्यावेत. परंतु छातीत दुखणे, धाप लागणे किंवा लघवीची घाई यांसाठी क्षणभरही संकोच करू नये. ती अवाजवी मागणी नव्हे.

उपवासाच्या बाबतीतही ती सूट ध्यानात ठेवावी. व्रत चातुर्मासाचे असो, रमजानचे असो वा ईस्टरपूर्व उपवासकाळाचे. इन्सुलिन किंवा मधुमेहाच्या गोळ्या घेणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याखेरीज उपाशी राहू नये. साखर एकाएकी उतरल्यास जिवावर बेतू शकते.

शेवटी एक सावधगिरीची सूचना. दोन आठवड्यांहून अधिक काळ मन खिन्न राहिले, झोप व भूक हरपली, कशातच रस वाटेनासा झाला, तर त्याला केवळ थकवा समजू नये. जगणे नकोसे वाटू लागले, तर दोन आठवडेही थांबू नये; त्याच दिवशी घरच्यांना सांगावे आणि डॉक्टरांना भेटावे. प्रार्थना चालू ठेवावी, उपचारही घ्यावेत. बेनेडिक्टच्या मठातही आजाऱ्याला केवळ प्रार्थनेवर सोपवलेले नव्हते. त्याच्यासाठी वेगळी खोली होती आणि मनापासून काळजी घेणारा एक सेवक नेमलेला होता.