एक गट नंबर, एक प्रकल्प

चाकण म्हटले की १६६० चा वेढा आठवतो. शायिस्ताखानाची प्रचंड फौज आणि संग्रामदुर्ग सुमारे ५५ दिवस झुंजवणारा फिरंगोजी नरसाळा. इतिहासाच्या पदवी वर्गात प्रकल्प द्यायचा झाला की हा विषय सुचणे स्वाभाविकच. मग एक सहल, दहा छायाचित्रे, इंटरनेटवरून उतरवलेली वीस पाने. विद्यार्थ्याने यात शोधले काय?

नव्या शैक्षणिक धोरणामुळे क्षेत्रप्रकल्पांना आता श्रेयांक आहेत. ते सार्थकी लावायचे असतील, तर किल्ल्याजवळच्या औद्योगिक वसाहतीकडे वळावे आणि कारखान्याचा नव्हे, त्याच्याखालच्या जमिनीचा इतिहास लिहावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

निघोजे, महाळुंगे, खराबवाडी, कुरुळी यांपैकी एखादे गाव घ्या. प्रत्येक विद्यार्थ्याला एकच गट नंबर द्या. सातबारा हे केवळ शेवटचे पान; खरी कथा गाव नमुना सहामध्ये, म्हणजे फेरफारांत असते. खातेदार वारला, वारस लागले, बहिणींनी हक्क सोडला. १९४८ च्या कुळकायद्यानंतर कसणाऱ्याचे नाव मालक म्हणून चढले, किंवा चढलेच नाही. पुढे एकत्रीकरण योजनेत जुने सर्व्हे नंबर जाऊन गट नंबर आले (इथे भलेभले चकतात, जुन्या-नव्या क्रमांकांचा मेळ घालणे हाच निम्मा प्रकल्प). आणि शेवटी कब्जेदाराच्या रकान्यात १९६२ साली स्थापन झालेल्या औद्योगिक विकास महामंडळाचे नाव लागते. स्वातंत्र्योत्तर महाराष्ट्राचा केवढा इतिहास त्या काही ओळींत दडलेला असतो!

शिवाय या प्रकल्पाची नक्कल करता येत नाही, कारण त्या गटाचा इतिहास याआधी कुणी लिहिलेलाच नसतो. शेजारच्या गटाचा प्रकल्प दुसऱ्याच्या हाती असतो. दोघांच्या नोंदी जुळल्या नाहीत की वर्गात खरा वाद सुरू होतो. साधनचिकित्सा म्हणजे काय, हे तेव्हा व्याख्यानातून सांगावे लागत नाही.

साठ विद्यार्थ्यांच्या वर्गाला हे झेपेल का, ही प्राध्यापकांची शंका रास्त आहे. त्यासाठी पहिला महिना फेरफार वाचायला शिकवण्यातच घालवावा लागेल. जुनी नोंद मोडीत निघाली, तर जाणकाराची मदत लागेल. एक पथ्य मात्र कठोरपणे पाळावे. हे कागद जिवंत कुटुंबांचे आहेत, काहींचे दावे न्यायालयात असू शकतात. तेव्हा संमतीशिवाय नावे छापू नयेत आणि समाजमाध्यमांवर उताऱ्यांची छायाचित्रे टाकू नयेत.

कागद अभिलेखकक्षात थांबतील, माणसे थांबणार नाहीत. साठच्या दशकात पिंपरी-चिंचवडच्या जमिनी कारखान्यांना गेल्या, तेव्हा विशीत असलेली पिढी आज ऐंशीच्या आसपास आहे. या पिढीकडे रिकाम्या हातांनी जाऊन ‘आठवणी सांगा’ म्हणण्यात अर्थ नाही. फेरफाराची नक्कल समोर ठेवावी, बोट ठेवून विचारावे : आजोबा, या साली तुमच्या वडिलांचे नाव कमी झाले, त्या दिवशी घरात काय बोलणे झाले?