विश्लेषण : अंधत्वाचे प्रमाणपत्र मिळाले, पुढच्या उपचारांचे काय?

अंध आणि अल्पदृष्टी व्यक्तींची नोंदणी एका खिडकीवर होते, उपचार दुसऱ्या. या दोन खिडक्या एकमेकींशी बोलत नाहीत. परिणामी अनेकांची वाचवता आली असती ती दृष्टीही जाऊ शकते.

नोंदणी कशी होते?
दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ नुसार प्रमाणपत्र मिळते. १ जून २०२१ पासून ते केंद्राच्या ‘यूडीआयडी’ पोर्टलवरूनच देणे बंधनकारक आहे. अर्ज ऑनलाइन करता येतो. टक्केवारी मात्र अधिकृत रुग्णालयातील तपासणीनंतरच ठरते. आरक्षणासारख्या लाभांसाठी किमान ४० टक्के दिव्यांगत्व लागते.

कायद्याने अंध कोण?
चष्मा लावूनही चांगल्या डोळ्याची दृष्टी ३/६० पेक्षा कमी, म्हणजे निरोगी डोळ्याला ६० मीटरवरून दिसणारे ३ मीटरवरूनही न दिसणे. किंवा दृष्टिक्षेत्र १० अंशांपेक्षा कमी. त्यामुळे समोरची पाटी वाचणारी, पण बाजूने येणारी दुचाकी न दिसणारी व्यक्तीही अंध असू शकते. ‘याला तर दिसते’ हा शेजाऱ्यांचा संशय म्हणूनच अन्यायकारक असतो.

प्रमाणपत्रानंतर काय अडते?
‘आता काही होणार नाही’ असे समजून अनेक कुटुंबे दवाखाना सोडतात. काचबिंदूत गेलेली दृष्टी परत येत नाही. पण उरलेली टिकवण्यासाठी थेंब आणि तपासणी चालूच ठेवावी लागते. मधुमेहींच्या दृष्टिपटलाचेही तेच. मोतीबिंदूवर तर शस्त्रक्रिया आहे. २०१५-१९ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात पन्नाशीपुढील अंधत्वात मोतीबिंदूचा वाटा ६६.२ टक्के आढळला. तरीही कार्डावर टक्केवारी असते, पुढच्या नेत्रतपासणीची तारीख नसते. पोर्टल ओळखपत्र आणि योजनांसाठी आहे. उपचारांचा पाठपुरावा हे त्याचे काम मानलेलेच नाही.

इतरत्र काय पद्धत आहे?
इंग्लंडमध्ये नेत्रतज्ज्ञाने दिलेल्या प्रमाणपत्राची प्रत रुग्णाच्या संमतीने स्थानिक प्रशासनाच्या समाजसेवा विभागाकडे आणि त्याच्या नेहमीच्या डॉक्टरकडे जाते. अंधत्वाच्या कारणांच्या अभ्यासासाठीही ही माहिती वापरली जाते. तिथे नोंदणी ऐच्छिक आहे, पण कागद रुग्णाच्या हातात पडून थांबत नाही.

आपल्याकडे काय करता येईल?
यासाठी नवा कायदा नको. संमती घेऊन नोंद प्राथमिक आरोग्य केंद्राकडे पाठवावी. त्यात अंधत्वाचे कारण आणि पुढच्या तपासणीची तारीख असावी. तारीख चुकली, तर आशा सेविकेने घरी चौकशी करावी. या कामाचा तिला वेगळा मोबदला मिळावा. काचबिंदू असेल तर सख्ख्या भावंडांची आणि मुलांचीही तपासणी व्हावी, कारण त्यांना धोका अधिक असतो.

किती कार्डे वाटली, याचे आकडे सरकार देऊ शकते. कार्डधारकांपैकी किती जण वर्षभरात पुन्हा नेत्रतज्ज्ञापर्यंत पोहोचले, हेही जिल्हावार जाहीर व्हायला हवे. नोंदणीचा खरा उपयोग त्यावरूनच कळेल.