दोन निळे पासपोर्ट

रमजानचा चांद दिसण्याच्या महिना-दीड महिना आधीपासून भिवंडी, मुंब्रा, मालेगाव इथल्या उमराहची पॅकेजेस विकणाऱ्या दुकानांत पाय ठेवायला जागा नसते. रमजानमधल्या उमराहचे सवाब मोठे, म्हणून दरही मोठे. काउंटरवर पासपोर्टांची चवड लागलेली असते. वरून सगळे सारखेच: गडद निळे, मध्ये सोनेरी सिंहमुद्रा. एजंट मात्र एकेक उघडून चाळतो. एखाद्यात अमेरिकेचा, ब्रिटनचा किंवा शेंगेनचा मुदतीतला, एकदा तरी वापरलेला व्हिसा असेल, तर त्या माणसाला जेद्दाहला उतरल्यावर विमानतळावरच पर्यटन व्हिसा मिळू शकतो आणि त्याच व्हिसावर उमराहही करता येतो. ज्याच्या पासपोर्टात असे काही नाही, त्याची कागदपत्रे आधी पाठवायची, पैसे भरायचे आणि वाट पाहायची. देश एकच, किब्ला एकच, पण मक्केच्या वाटेवरची सवलत वॉशिंग्टनच्या शिक्क्यावर मिळते.

दरवर्षी जानेवारीत पासपोर्टांच्या क्रमवारीची बातमी येते, तेव्हा या दुकानातला हा फरक तिच्यात कुठेच नसतो. सर्वांत जास्त गाजते ती हेन्ली पासपोर्ट इंडेक्स. २००६ पासून निघणाऱ्या या यादीत १९९ पासपोर्ट आणि २२७ ठिकाणे धरली जातात. आधी व्हिसा न काढता जिथे जाता येते किंवा उतरल्यावर जिथे व्हिसा मिळतो, त्या प्रत्येक ठिकाणाला एक गुण. जानेवारी २०२५ च्या यादीत सिंगापूर १९५ गुणांसह पहिले होते. भारत ५७ गुणांवर आणि ८५ व्या क्रमांकावर होता, आदल्या वर्षी तो ६२ गुणांसह ८० वा होता. पाकिस्तानकडे ३३ गुण होते आणि अगदी तळाला अफगाणिस्तान, २६ गुणांवर. मग दोन-तीन दिवस चर्चा होते: पाच पायऱ्या घसरलो, जगात पत उरली नाही, शेजाऱ्यापेक्षा तरी बरे आहोत वगैरे. नंतर सगळे शांत.

गुण मोजण्याची ही रीत समजून घेतली की निम्मी हळहळ आपोआप कमी होते. यादीत प्रत्येक ठिकाणाचे वजन सारखेच असते. भारतीयांना खुल्या असलेल्या ५७ ठिकाणांत नेपाळ, भूतान, मॉरिशस, थायलंड आहेत, तसेच प्रशांत महासागरातले नियू आणि कुक आयलंड्सही आहेत. सांगली-मिरजेतून नियूला निघालेला प्रवासी कुणी पाहिला असेल तर तो सत्काराला पात्र आहे! पण त्या चिमुकल्या बेटाचा गुण अमेरिकेच्या गुणाएवढाच. शिवाय हे गुण कायमचे नसतात. इराणने फेब्रुवारी २०२४ मध्ये विमानाने येणाऱ्या भारतीय पर्यटकांना पंधरा दिवसांसाठी व्हिसा माफ केला. नोकरीच्या आमिषाने तिकडे नेलेल्या भारतीयांचे खंडणीसाठी अपहरण होऊ लागले आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये ती माफी बंद झाली. एक गुण आला नि गेला, त्यात भारताची पत वाढली किंवा घटली असे काही नव्हते.

आणखी एक गोष्ट बातम्यांत क्वचितच येते. ही यादी काढणारी हेन्ली अँड पार्टनर्स ही कंपनी श्रीमंतांना पैसे गुंतवून दुसऱ्या देशाचे नागरिकत्व किंवा निवासाचा परवाना मिळवून देण्याचा सल्ला विकते. यादी खोटी आहे असा याचा अर्थ नव्हे, तिची मूळ माहिती विमान कंपन्यांच्या जागतिक संघटनेच्या नोंदींतून घेतलेली असते. पण तुमच्या घराला छप्पर नाही हे सांगणारा जर पत्रे विकणारा असेल, तर ऐकताना एवढे तरी ध्यानात ठेवावे.

पूर्वी जग खुले होते आणि पासपोर्टांनी ते बंद केले, अशीही एक गोड समजूत आहे. रमजानच्या मजलिशींत इब्ने बतूताचे नाव याच ओघात घेतले जाते. १३२५ साली वयाच्या एकविसाव्या वर्षी तो तांजियरहून हजसाठी निघाला आणि सुमारे चोवीस वर्षांनी घरी परतला. मधल्या काळात दिल्लीत काझी झाला, दौलताबादही पाहून गेला. पण त्याच इब्ने बतूताने मिसर आणि शाम यांच्या सीमेवरच्या कतिया या ठाण्याचे वर्णन लिहून ठेवले आहे. परवान्याशिवाय तिथून कुणालाही इकडून तिकडे जाता येत नसे. रात्री पहारेकरी बदूंनी वाळू सपाट करून ठेवायची आणि सकाळी अंमलदाराने येऊन ती पाहायची. पाऊल उमटलेले दिसले की ज्याचे असेल त्याला हजर करण्याची जबाबदारी त्या बदूंचीच. बोटांचे ठसे आणि डोळ्यांच्या बाहुल्या तपासणारी आजची यंत्रे या वाळूचीच वंशज म्हणायची. पुढे हिंदुस्थानात शिरतानाही सुलतानाची इजाजत येईपर्यंत त्याला मुलतानला थांबावे लागले.

हजच्या वाटेवर तर परवान्याचा प्रश्न आपल्याच किनाऱ्यावर उभा राहिला होता. सोळाव्या शतकात अरबी समुद्रात पोर्तुगीजांचा 'कार्ताज' नावाचा परवाना नसेल तर जहाज जप्त होई. त्या परवान्यावर हजरत ईसा आणि हजरत मरियम यांची चित्रे असत. अकबराच्या दरबारातले मखदूम-उल-मुल्क यांनी असा परवाना घेऊन जावे लागत असेल तर हज फर्जच राहत नाही, असा फतवा दिल्याची नोंद बदायुनीने केली आहे. आणि परवाना असूनही सुरक्षा मिळेच असे नाही. १६१३ मध्ये जहांगीरच्या आईचे 'रहीमी' हे जहाज कार्ताज जवळ असताना पोर्तुगीजांनी पकडले आणि प्रवाशांसकट गोव्याला नेले. बादशहाने मग दमणला वेढा घातला. राजमातेसाठी फौज निघाली. त्या जहाजावरच्या साध्या यात्रेकरूसाठी ती निघाली असती का, हा प्रश्न इतिहासाच्या तासाला विचारायला हरकत नाही.

त्या पोर्तुगीज अमलाचा एक धागा आजही टिकून आहे. सिंधुदुर्गातले बांदा आणि गोव्यातले पत्रादेवी यांच्यात काही किलोमीटरचे अंतर. पाऊस तोच, आंबे तेच, सोयरिकीही दोन्हीकडे. पण १९ डिसेंबर १९६१ पूर्वी गोव्यात जन्मलेल्यांना आणि त्यांच्या मुला-नातवंडांना पोर्तुगालमध्ये जन्मनोंद करून पोर्तुगीज पासपोर्ट मिळवता येतो. मग अख्खा युरोप खुला. आजोबा सीमेच्या कुठल्या बाजूला जन्मले, एवढ्यावर एका नातवाला बिनव्हिसा जग मिळते आणि दुसऱ्याला शेंगेनसाठी ९० युरो भरून रांगेत उभे राहावे लागते. अर्ज नाकारला तर ती फी परत मिळत नाही. २०२४ मध्ये भारतातून शेंगेन व्हिसासाठी सुमारे ११ लाख अर्ज गेले आणि दीड लाखाहून जास्त फेटाळले गेले. गोव्याच्या नातवालाही किंमत मोजावी लागते. भारत दुहेरी नागरिकत्व मानत नाही, तेव्हा निळा पासपोर्ट परत करावा लागतो आणि मतदानाचा हक्क जातो. २०२४ या एका वर्षात वेगवेगळ्या देशांसाठी २ लाख ६ हजारांवर भारतीयांनी नागरिकत्व सोडले. त्यांना बोल लावणे सोपे आहे.

परदेशांनी लावलेल्या रांगांवर भारताचा इलाज मर्यादितच. संयुक्त अरब अमिरातींनी मुत्सद्देगिरीच्या जोरावर २०१५ मध्ये शेंगेनची व्हिसामाफी मिळवली आणि दहा वर्षांत यादीत पहिल्या दहांत जागा मिळवली. पण तिथे राहणाऱ्या दहांपैकी जवळपास नऊ जण परदेशी आहेत, त्यांच्या खिशात तो पासपोर्ट नाही. त्यांत रत्नागिरी-रायगडचे ड्रायव्हर, फिटर, स्वयंपाकीही आले. त्यांचा पासपोर्ट तर घरातच दुय्यम ठरतो. दहावी पास नसलेल्याच्या पासपोर्टावर 'ईसीआर' असा शेरा येतो. सौदी, कुवेत, ओमान, मलेशिया अशा १८ देशांत नोकरीला जाण्याआधी त्याला सरकारची वेगळी मंजुरी लागते. आयकर भरणाऱ्याला हा शेरा लागत नाही, शिकलेल्यालाही नाही. १९८३ च्या कायद्यातली ही तरतूद गरीब मजुराला फसवणुकीपासून वाचवण्यासाठी आहे आणि ती पूर्ण निरुपयोगी नाही. नोंदणीकृत एजंट, विमा, कराराची तपासणी यांचा आधार कित्येकांना मिळाला. पण ती कटकट टाळायला पर्यटन व्हिसावर पाठवणारे दलाल गल्लोगल्ली बसलेले आहेत, आणि ज्याला संरक्षणाची सर्वांत जास्त गरज, तोच नोंदीबाहेर जातो. जानेवारी २०१८ मध्ये तर अशा कामगारांना नारिंगी रंगाचा पासपोर्ट द्यायचे सरकारने जाहीर केले होते. टीका झाली आणि महिनाभरातच तो विचार सोडला. रंग वाचला, शेरा राहिला. सिंगापूरच्या १९५ वर जेवढी शाई खर्च होते, त्याच्या चौथाईही या तीन अक्षरांवर होत नाही. संरक्षण हवे असेल तर ते एजंटच्या परवान्यावर आणि मालकाच्या करारावर बसवावे. मजुराच्या ओळखपत्रावर त्याच्या अशिक्षितपणाचा शिक्का कशाला?

आणि दाराच्या या बाजूला उभे राहिल्यावर आपण कसे वागतो? भारतात व्हिसाशिवाय येऊ शकणारे देश मोजके: नेपाळ, भूतान, मालदीव. ऑगस्ट २०२१ मध्ये काबूल तालिबानच्या हाती गेले आणि भारताने अफगाणांना आधी दिलेले व्हिसा रद्द केले. पुण्यात शेकडो अफगाण मुले-मुली शिकत होती. त्यांच्यातली जी त्या वेळी घरी होती, ती तिकडेच अडकली. वर्गात नाव होते, फी भरलेली होती, पण हातात जगातला सर्वांत तळाचा पासपोर्ट. सुरक्षेची भीती खरी होती, हे मान्य. पण एकेक अर्ज तपासणे आणि सगळ्यांना एका फटक्यात नाकारणे यात फरक आहे. मुलींसाठी तर तिकडे विद्यापीठांचे दरवाजे पुढच्याच वर्षी बंद झाले.

या महिन्यात घरोघर जकातीचा हिशेब मांडला जातो. तिच्या आठ हकदारांत मुसाफिरही आहे, आणि फिकहच्या जाणकारांच्या मते तो स्वतःच्या घरी सधन असला तरी वाटेत अडकला असेल तर हकदार ठरतो. पुण्यात उरलेल्या अफगाण विद्यार्थ्यांपैकी कित्येकांना घरून पैसे येणे त्याच सुमारास थांबले होते.