द्वंद्व समासाची मोटारसायकल

मराठी व्याकरणात द्वंद्व समासाचे तीन प्रकार सांगितले आहेत. ‘आईबाप’ म्हणजे आई आणि बाप. हा इतरेतर द्वंद्व. ‘खरेखोटे’ म्हणजे खरे किंवा खोटे, हा वैकल्पिक. आणि ‘मीठभाकर’ म्हणजे मीठ, भाकर व तसलेच इतर साधे जेवण, हा समाहार. वीस वर्षे मी हे वर्गात शिकवीत आलो आहे, आणि वीस वर्षे मुले परीक्षेत ह्या तिघांची गल्लत करीत आली आहेत. पण ह्या सदराच्या नेहमीच्या वाचकांना ठाऊक आहेच की, व्याकरण मला कोठे उपयोगी पडेल ह्याचा नेम नसतो. अलीकडे ते मोटारसायकल घेताना उपयोगी पडले.

हल्ली डांबरी रस्त्यावरही चालावी आणि बिनरस्त्याच्या रानातही चालावी अशा मोटारसायकलींची एक निराळी जातच बाजारात आली आहे. इंग्रजीत तिला ‘अॅडव्हेंचर’ म्हणतात. मराठीत ‘साहसी मोटारसायकल’ म्हणावे, तर साहस गाडीने करावयाचे की चालविणाऱ्याने, हे उमगत नाही. मी आपला तिला ‘रानरस्ता गाडी’ म्हणतो. आता ह्या समासाचा विग्रह कसा करावा? रान आणि रस्ता? रान किंवा रस्ता? की रान, रस्ता व वाटेत जे जे आडवे येईल ते सर्व? विकणारा नेहमी तिसरा विग्रह सांगतो. घेणाऱ्याच्या पदरात पुष्कळदा दुसरा पडतो.

ह्या जातीचा मूळपुरुष शोधू लागले तर यामाहाने १९६८ साली काढलेल्या अडीचशे सीसीच्या डीटी-१ कडे बोट दाखविता येईल. पण जिच्यामुळे ही कल्पना जगभर गाजली ती जर्मनीच्या बीएमडब्ल्यूची १९८० सालची ‘आर ८० जी/एस’. ह्यातला ‘जी’ म्हणजे ‘गेलेंडे’, रानमाळ. आणि ‘एस’ म्हणजे ‘श्ट्रासे’, रस्ता. पॅरिसहून निघून आफ्रिकेचे वाळवंट तुडवीत डाकारला पोहोचणारी शर्यत ह्या गाडीने १९८१ साली जिंकली. दोन अक्षरांच्या मधे तिरकी रेघ घालून जर्मनांनी विग्रहाचा प्रश्न मोठ्या चतुराईने टाळला आहे, हे मात्र मराठीच्या मास्तराच्या नजरेतून सुटत नाही.

आपल्याकडे हे सोंग नाव नसतानाच चालू होते. पोलंडच्या गाडीच्या धर्तीवर बनलेली १७५ सीसीची राजदूत दुधाच्या किटल्या लटकावून शेताच्या बांधावरून जात असे. ऐंशीच्या दशकात बजाजची एम-८० आली. मागे मासळीची पाटी बांधून तिने खाडीकाठची जी वाट तुडविली तिला वाट म्हणणे हाही उदारपणाच होता. तिला कोणी ‘अॅडव्हेंचर’ म्हटले नाही. कारण तिच्यावर बसणाऱ्याला साहस करावयाचे नव्हते, दहाच्या आत बाजार गाठावयाचा होता.

मला तरी कोठे साहस करावयाचे होते? मी अलिबागला शिकवितो. आई बोर्लीपंचतनच्या बाजूला गावच्या घरी, नारळी-पोफळीच्या वाडीत राहते. वय वर्षे अठ्ठ्याहत्तर. ‘अलिबागला ये’ म्हटले की ‘वाडीला पाणी कोण लावील?’ असे ती विचारते, आणि ह्या प्रश्नाला सबंध मराठी वाङ्मयात उत्तर नाही. म्हणून दर शनिवारी दुपारी मी निघतो. रेवदंडा, साळावचा पूल, कोर्लई, काशीद, मुरूड. आगरदांड्याला जंगलजेट्टीत गाडी चढवावयाची आणि खाडीपलीकडे दिघीला उतरावयाचे. (फेरीबोटीला आमच्याकडे जंगलजेट्टी का म्हणतात ह्यावर एकदा स्वतंत्र लिहीन.) इथवर सगळा रस्ता, बरा म्हणा, वाईट म्हणा, पण रस्ता. घराकडे वळले की शेवटचा दीड किलोमीटर चढ, जांभ्याचे सुटे धोंडे, आणि पावसाळ्यात गुडघाभर तांबडा चिखल व मधून वाहणारा पऱ्या.

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ ह्याच किनाऱ्यावर आदळले. दूरध्वनी मुके झाले. दोन दिवस आईची काहीच खबर लागेना, तेव्हा तिसऱ्या दिवशी पहाटे मी स्कूटर काढली. जंगलजेट्टी बंद, म्हणून म्हसळ्याच्या बाजूने वळसा. रस्ताभर आडवी झाडे, विजेचे वाकलेले खांब, तारांची गुंतवळ. गावोगावचे लोक कोयते-कुऱ्हाडी घेऊन वाट मोकळी करीत होते. पण ती मोकळी वाट म्हणजे तोडलेल्या बुंध्यांच्या मधली माणसापुरती फट. स्कूटरची चिमुकली चाके तेथे काय करणार? ती एका ओळखीच्या अंगणात लावून शेवटचे आठ किलोमीटर मी चालत गेलो. त्या आठ किलोमीटरांत मनातून काय काय गेले ते येथे लिहीत नाही. घराची अर्धी कौले उडाली होती. वाडीतल्या पोफळी कापणी झालेल्या भातासारख्या एका दिशेला निजल्या होत्या. आई ओट्यावर बसून पडलेली सुपारी गोळा करून निवडीत होती. मला पाहून म्हणाली, ‘‘अरे, चालत का आलास? खाल्लेस का काही?’’

ह्यापुढे आईच्या दारापर्यंत जाईल असेच वाहन घ्यावयाचे, हे त्या दिवशी ठरले. घराची कौले, मुलाचे शिक्षण ह्यांतून पैसे शिल्लक पडावयास पुढे काही वर्षे गेली.

मग चौकशी सुरू झाली. प्राध्यापक-कक्षात मोटारसायकल हा विषय निघाला की पदार्थविज्ञानाचे गृहस्थ अश्वशक्तीवर बोलतात, अर्थशास्त्राचे हप्त्यांवर, आणि इतिहासाचे आपल्या कॉलेजच्या दिवसांतल्या बुलेटवर. माझ्या चिरंजीवांनी तर भिंतीवर चित्रच लावले: केटीएमची ३९० अॅडव्हेंचर, २०२० साली आली तेव्हा जवळजवळ तीन लाखांची. चित्रात ती बर्फात उभी होती. आमच्या जिल्ह्यात बर्फ फक्त मासळीच्या पेट्यांत असतो, हे मी त्याच्या नजरेस आणून दिले.

खरा प्रश्न विचारला तो आमच्या नाक्यावरच्या मेस्त्रींनी. ‘‘सर, गाडी आडवी पडली तर एकट्याने उभी कराल काय?’’

ह्या एका वाक्याने निम्मी यादी गळाली. रानात गाडी पडतेच. पडण्यात कमीपणा नाही. पण भर दुपारी सड्यावर, हाकेच्या अंतरावर माणूस नसताना ती उचलता आली पाहिजे. उचलण्याची रीतही मेस्त्रींनीच दाखविली. गाडी गिअरमध्ये टाकावी, म्हणजे घरंगळत नाही. सीटला पाठ लावून खाली बसावे, एका हाताने हँडलची मूठ व दुसऱ्याने मागची सांगाडी धरावी आणि कमरेने न उचलता पायांनी रेटीत उभे राहावे. रॉयल एन्फील्डची हिमालयन २०१६ साली आली ती ह्या जातीची आपल्याकडची पहिली नामांकित गाडी. ४११ सीसी, बसकी, शांत, दिवसभर दमवीत नाही. सीट जमिनीपासून फक्त ८०० मिलिमीटर. माझ्यासारख्या साडेपाच फुटी माणसाचे दोन्ही पाय टेकतात. पण वजन १९९ किलो. मेस्त्रींच्या आवारात मी एक जुनी हिमालयन उचलून पाहिली. उचलली, आणि संध्याकाळी बाम चोळून घेतला. २०२३ च्या अखेरीस आलेली ४५० ची हिमालयन ताकदीने कितीतरी पुढे, चाळीस अश्वशक्तींची. पण वजनात तिची थोरली बहीणच, १९६ किलो.

दुसऱ्या बाजूला हिरोची एक्सपल्स २००. २०१९ साली ९७ हजारांपासून मिळू लागली, तेव्हा ह्या जातीची इतकी स्वस्त गाडी दुसरी नव्हती. तिच्या आधी २०११ साली त्याच कंपनीची दीडशे सीसीची इम्पल्स येऊन गेली होती. चांगली गाडी, पण गिऱ्हाईक तयार होण्यापूर्वीच आली आणि गेली. एक्सपल्सचे वजन सुमारे १५७ किलो. हिमालयनपेक्षा चाळीस किलो कमी, म्हणजे सिमेंटचे जवळजवळ एक पोते. पोट जमिनीपासून २२० मिलिमीटर उंच. रोजच्या वापरातल्या साध्या मोटारसायकलीचे १६५ च्या आसपास असते. जांभ्याचा धोंडा कोणाच्या पोटाला लागेल आणि कोणाच्या नाही, हे ह्या पाच-साडेपाच सेंटिमीटरांत ठरते.

मात्र पोट उंच झाले की पाठही उंच होते. हिची सीट ८२३ मिलिमीटर; केटीएमची तर ८५५. आणि येथे माझ्या समासात एक तिसरे पद शिरले. आई मागे बसणार होती. जाहिरातींत ह्या गाड्या डोंगरावर जातात, नदीतून जातात, वाळवंटातही जातात. पण नऊवारी नेसलेल्या आईला एका बाजूला पाय सोडून बसवून दवाखान्यात जाताना मी एकही पाहिली नाही. दुकानातल्या तरुणाला मी साडी चाकात जाऊ नये म्हणून बसविलेली जाळी दाखवावयास सांगितली, तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर मी देवळात चामड्याचा पट्टा घालून शिरल्यासारखा भाव उमटला. ‘‘सर, ती काढून टाकतात सगळे,’’ तो म्हणाला. मी ती ठेवावयास सांगितली.

चाकांविषयी दोन शब्द. पुढचे चाक एकवीस इंची असेल तर ते खड्ड्यात पडत नाही, खड्ड्यावरून जाते. सतरा इंची चाक रस्त्याच्या वळणावर चपळ, पण धोंड्याशी भांडते. एकोणीस हा सलोखा. आऱ्यांचे चाक मार खाऊन वाकते आणि पुन्हा सरळ करता येते. ओतीव मिश्रधातूचे चाक जोराच्या माऱ्याने चिरते, ते मग गेलेच. पण आऱ्यांच्या चाकात बहुधा ट्यूब असते आणि पंक्चर झाले की चाक खोलावे लागते. ओतीव चाकाला ट्यूब नसल्याने बाहेरूनच दोरी खुपसून काम भागते. टायरचेही तसेच. मोठ्या गठ्ठ्यांचा टायर चिखलात धरतो, तोच ओल्या डांबरावर बिचकतो व लवकर झिजतो. आणखी एक: ब्रेक दाबल्यावर चाक अडकू नये म्हणून जी एबीएस नावाची यंत्रणा असते ती रस्त्यावर प्राण वाचविते, सुट्या मातीच्या उतारावर मात्र ती ब्रेक पुनःपुन्हा सोडते आणि गाडी थांबता थांबत नाही. म्हणून मागच्या चाकापुरती ती बंद करण्याची सोय ह्या जातीच्या काही गाड्यांत असते. डांबरावर आल्यावर पुन्हा चालू करण्याची आठवण मात्र आपली आपण ठेवावी लागते.

चिरंजीवांचा आग्रह होता की रान म्हणजे दिवेआगरची पुळण. भरतीच्या रेषेखालची ओली वाळू फरशीसारखी कठीण दिसते, आणि दर सुट्टीत कोणा पाहुण्याची मोटार तिच्यावर विश्वासून चाकापर्यंत रुतते. मग भरती काही कोणासाठी थांबत नाही. वरच्या कोरड्या वाळूत हिवाळ्यात समुद्री कासवे येऊन अंडी घालतात. दिवेआगर, हरिहरेश्वर, खाडीपलीकडचे वेळास, सगळीकडे लोक ती घरटी राखीत बसतात. त्यांच्यावरून चाक नेण्याला मी ‘साहस’ हा शब्द वापरू देणार नाही. शिवाय खारे पाणी साखळीत आणि आऱ्यांत शिरले की वर्षाच्या आत गंज. चिरंजीव गप्प झाले. कासवांमुळे की गंजामुळे, ते कळले नाही.

सरकारनेही आपला कौल दिला आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून साडेतीनशे सीसीपर्यंतच्या गाड्यांवरचा जीएसटी अठ्ठावीसवरून अठरा टक्क्यांवर आला आणि त्यापुढच्या गाड्यांवर चाळीस टक्के लागला. मला त्याचा फायदा झाला नाही, कारण मी पेणच्या एका गृहस्थांची नऊ हजार किलोमीटर चाललेली एक्सपल्स घेतली.

महामार्गावर ती नव्वदच्या पुढे कुरकुरते, हे खरे. मोठ्या गाड्यांचे लोक ह्यावर हसतात. पण रेवदंडा ते मुरूड ह्या रस्त्यावर, म्हशी, एसटी, शनिवारचे पाहुणे आणि सुकत घातलेली मासळी ह्यांच्यातून नव्वदने जाणारा मनुष्य मला तरी भेटलेला नाही. भेटला तर मी त्याला गाडीविषयी काही विचारणार नाही. पाठीमागची गादी अरुंद व कडक होती, ती अलिबागच्या एका गादीवाल्याकडून दोन बोटे रुंद करून घेतली. दर रविवारी संध्याकाळी गोड्या पाण्याने गाडी धुतो आणि साखळीला नव्वद नंबरचे तेल लावतो. पहिल्याच पावसाळ्यात दोनदा आडवा झालो, दोन्ही वेळा त्याच पऱ्याच्या काठी, दोन्ही वेळा एकट्याने उभी केली. बाम लागला नाही.

आई ओट्याच्या दुसऱ्या पायरीवरून मागे बसते. पहिल्या पायरीवरून ते जमत नाही, तिसरीवरून ती उतरते की चढते हे तिलाच कळत नाही, दुसरी बरोबर. डॉक्टरांच्या दारात पायरी नाही, तेथे त्यांनी एक लाकडी चौरंग ठेवला आहे. चढाच्या वाटेवर ती एका हाताने माझा खांदा व दुसऱ्याने पिशवी धरते आणि वीसच्या वर काटा गेला की ‘‘घाई कसली आहे?’’ म्हणते. श्रावणात एकदा पऱ्याला पाणी जास्त होते, तेव्हा ती खाली उतरली, साडी खोचून पलीकडे गेली, आणि मी गाडी कशी आणतो ते पाहात उभी राहिली.

मागचा टायर आता गुळगुळीत होत आला आहे. दिवाळीनंतर बदलावा लागेल. ह्या खेपेस रस्त्याकडे झुकणारा घ्यावा की रानाकडे, ह्यावर मेस्त्रींचे व माझे अद्याप एकमत झालेले नाही.