सुट्टी आमची, गिनीपिग कोणाचे?

वार्षिक परीक्षा संपत आली म्हणजे वर्गांत एक निराळीच गडबड सुरू होते. कोणी कोंकणांत आजोळीं निघतो, कोणी महाबळेश्वरीं, कोणी मामाच्या लग्नास. हे बेत ऐकतांना ज्यांच्या घरीं गिनीपिग आहेत अशा मुलांना आम्ही हल्लीं एक प्रश्न हटकून विचारतों : "आणि त्यांचें काय?" बहुधा उत्तर येतें, "शेजारचे बघतील, सर." या 'बघतील' शब्दाविषयीं आम्हांस थोडें लिहावयाचें आहे, कारण तो शब्द एकदां आम्हींही उच्चारला होता, आणि त्याची किंमत आम्हांस द्यावी लागली नाहीं, दुसऱ्यानेंच दिली.

आमच्या घरीं दोन गिनीपिग होत्या. मुलांनीं त्यांचीं नांवें चिंगी व ठकी अशीं ठेविलीं होतीं. एका मे महिन्यांत नात्यांतील लग्नासाठीं आम्ही पांच दिवस गांवीं गेलों. शेजारच्या मावशींच्या हातीं किल्ली दिली, गाजरांची एक मोठी पिशवी दिली, "दोन वेळ खायला घाला आणि जरा लक्ष ठेवा," एवढें सांगितलें आणि गाडी पकडली. तिसऱ्या दिवशीं ठकीनें खाणें सोडलें. मावशींनीं तें पाहिलें. उकाड्यानें सुस्तावली असेल असें त्यांस वाटलें. चौथ्या दिवशीं ती अंग फुगवून कोपऱ्यांत बसली, आणि पांचव्या दिवशीं सकाळीं मेली. आम्ही त्याच संध्याकाळीं परतलों. मावशी दारांतच उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "फोन करायचं मनांत आलं होतं हो सर, पण तुमचं लग्नघर. म्हटलं, एका जनावरापायीं कशाला विघ्न आणायचं?"

यांत मावशींचा दोष तिळमात्र नव्हता. आम्हीं घरांत दाणापाणी ठेविलें होतें. ठेविली नव्हती ती एकच गोष्ट, आमच्या आनंदांत व्यत्यय आणण्याची परवानगी. सज्जन माणूस ती आपण होऊन घेत नाहीं. ती आपणच त्याच्या हातीं द्यावी लागते, तीही किल्लीच्या आधीं.

हा प्राणी गिनी देशाचा नव्हे आणि डुकराच्या जातीचाही नव्हे. तो दक्षिण अमेरिकेंतील अँडीज पर्वताच्या प्रदेशांतला. तेथील लोकांनीं हजारों वर्षांपूर्वीं त्यास माणसाळविलें, आणि सोळाव्या शतकांत स्पॅनिश लोकांबरोबर तो युरोपांत पोंचला. सर्वांचें भक्ष्य म्हणून जगलेल्या प्राण्याची एक खोड त्यानें अजून सोडलेली नाहीं : तो दुखणें लपवितो. कुत्रें कण्हतें, मांजर ओरडतें. भाजीच्या पिशवीचा आवाज ऐकून शीळ घालणारा हा बोलका प्राणी आजारी पडला म्हणजे मात्र गप्प बसतो. परक्या माणसास तो शहाण्यासारखा स्वस्थ बसलेला दिसतो.

शिवाय त्याचें पोट थांबतां कामा नये. त्याच्या आंतड्यांतून अन्न सतत पुढें सरकत राहिलें पाहिजे. एक दिवसभर तो जेवला नाहीं तर जिवावर बेतूं शकतें. माणसाचा उपवास निराळा आणि याचा निराळा. त्याचे दांत जन्मभर वाढतात व गवत चघळूनच झिजतात. म्हणून त्याचें मुख्य अन्न सुकें गवत होय. तें अष्टौप्रहर पुढें असावें. गाजर गोड असतें, तें चवीपुरतें द्यावें. आम्हीं ठेविलेली पिशवी म्हणजे मुलाच्या पानांत पांच दिवस नुसतीं लाडवें वाढण्यासारखें होतें, हें आम्हांस मागाहून कळलें. क जीवनसत्त्व आपल्याप्रमाणेंच त्याच्याही शरीरांत तयार होत नाहीं. सन 1907 मध्यें नॉर्वेंतील होल्स्ट व फ्रोलिख या दोन संशोधकांनीं गिनीपिगांस नुसत्या धान्यावर ठेविलें, तेव्हां त्यांस खलाशांचा स्कर्व्ही रोग जडला, आणि तेथूनच या जीवनसत्त्वाच्या शोधाची वाट खुली झाली. तेव्हां ढोबळी मिरची, कोथिंबीर असें कांहीं ताजें रोज हवेंच. पेरूची लहानशी फोड चालेल. तो फळाच्या नांवाच्या देशांतलाच रहिवासी आहे!

आतां मे महिन्याचा विचार करा. अँडीजच्या थंड हवेंतला हा जीव तीस अंशांच्या आसपासच धापा टाकूं लागतो, आणि सोलापूर-नागपुराकडे पारा चाळिसाच्या वर जातो. खिडक्या लावून, पंखा बंद करून आपण कुलूप घालतों, तें त्याच्यासाठीं भट्टीचें दार होय.

मग करावें काय? आमच्या मतें सोय करण्याचें काम निघण्याच्या आदल्या रात्रीं होत नाहीं. आठवडाभर आधीं त्या शेजाऱ्यांस घरीं बोलवावें, आणि दाखविण्याचें काम मुलानें करावें, आईबापांनीं नव्हे. गवत किती, पाण्याची नळी तुंबली आहे कीं नाहीं हें कसें पाहावें, प्राणी दोन हातांवर कसा उचलावा, हें सर्व त्यानें एकदां करून दाखवावें व एकदां त्यांच्याकडून करवून घ्यावें. स्वयंपाकघरांतील वजनकांट्यावर रोज वजन करून कागदावर लिहिण्याची विनंति करावी. पूर्ण वाढलेल्या गिनीपिगाचें वजन बहुधा 700 ते 1200 ग्रॅम असतें. पण आकडा किती यापेक्षां तो उतरतो आहे काय हें महत्त्वाचें, कारण प्राणी जें लपवितो तें कांटा सांगतो. अन्नास तोंड लावलें नाहीं किंवा लेंड्या दिसल्या नाहींत, तर वाट न पाहतां, रात्रीचे बारा वाजले असले तरी फोन करावा, हें तोंडानें सांगावें आणि कागदावरही लिहावें. गिनीपिगांची माहिती असलेल्या पशुवैद्याचा पत्ता त्याखालीं असावा व पाकिटांत पैसे असावेत. नाहीं तर खर्चाच्या संकोचानेंही माणूस थांबतो. आपल्या औषधांच्या डब्यांतलें मात्र कांहीं देऊं नये. पेनिसिलीनच्या जातीचीं औषधें पोटांत गेलीं तर या प्राण्यास मारक ठरतात.

मित्राच्या गिनीपिगांत आपले सोडून जाणें ही युक्ति आम्हांस पसंत नाहीं. नर-मादी ओळखण्यांत दुकानदारही चुकतात, आणि गर्भ सुमारें दोन महिन्यांचा असल्यानें त्या चुकीचा उलगडा जुलै महिन्यांत, चांचणी परीक्षेच्या ऐन तोंडावर होतो. प्रवासांत बरोबर नेणें उन्हाळ्यांत तर नकोच.

आणखी एक गोष्ट. घरकामास येणाऱ्या बाईंवर हें काम फुकट लादण्याची चाल आम्हांस लज्जास्पद वाटते. त्यांसही सुट्टी हवी असते, त्यांचेंही गांव असतें. त्या राजी असल्या तर वेगळा मोबदला आधीं ठरवावा. राजी नसल्या तर तोंड वांकडें करूं नये.

कांहीं पालक म्हणतील, "थोड्या रुपयांच्या प्राण्यासाठीं एवढा खटाटोप?" त्यांस आमचें उत्तर असें कीं, प्राणी घेतला त्या दिवशीं आपण मुलाला "आता हा तुझा" असें सांगितलें होतें. तें मुलाला खरें वाटलें होतें. सुट्टी आली कीं मोठीं माणसें त्याच्या नकळत परस्पर कांहीं तरी सोय लावतात, आणि मूल समजतें कीं आपलें म्हणजे सोईपुरतें आपलें. त्यानेंच शेजाऱ्यांच्या दारीं जावें, त्यानेंच विनंति करावी. नकार आला तर तोही त्यानेंच ऐकावा आणि दुसरें दार ठोठवावें. कोणीच मिळालें नाहीं तर? मग पांचांपैकीं एकानें मागें राहावें, किंवा पांच दिवसांचे दोन करावेत. हें कांहींस कठोर वाटेल, पण आम्हांस दुसरा मार्ग दिसत नाहीं.

ठकी गेल्यावर चिंगी एकटी पडली. हा प्राणी कळपाचा. स्वित्झर्लंडच्या कायद्यानें तर 2008 पासून त्यास एकटें ठेवण्यास मनाई आहे. म्हणून तिला एक तरुण सोबतीण आणली. पुढें दिवाळींत आम्ही चार दिवस बाहेर गेलों. या खेपेस आमच्या धाकट्या मुलीनें मावशींना आठवडाभर 'शिकविलें', आणि त्यांनींही बिनतक्रार शिकून घेतलें. चार दिवसांत मावशींचे तीन फोन आले. पहिला वजन पांच ग्रॅमनें उतरल्याचा. दुसरा, फटाक्यांच्या आवाजानें दोघी घाबरतात, पिंजरा आंतल्या खोलींत नेऊं का, असें विचारणारा. तिसरा रात्रीं साडेअकराला. "सर, ही नवी वेड्यासारखी जागच्या जागीं उड्या मारतेय. झटका तर नाहीं ना आला?"

फोन आमच्या मुलीनें ओढून घेतला. "नाहीं हो मावशी," ती म्हणाली, "ती खूष झाली म्हणजे तशीच उडते. तुम्ही आत्तां तिला काय दिलंत?"

"कोथिंबीर," मावशी म्हणाल्या.