सायकलीआड दडलेला नंबर

जामसांवली हे नाव गोव्यात फारसं कुणाच्या कानावरून गेलं नसेल. नागपूरहून छिंदवाड्याच्या रस्त्याला लागलं की मध्य प्रदेशच्या हद्दीत सौंसर येतं, त्याच्या जवळचं हे गाव. पिंपळाखाली निजलेल्या हनुमानाचं देवस्थान म्हणून प्रसिद्ध. २०२३ साली पांढुर्णा आणि सौंसर मिळून इथे वेगळा जिल्हा झाला. सरकारी कागद हिंदीत, घरात आणि बाजारात मात्र मराठी. आपल्या गोव्यातल्या भाषावादाने कंटाळलेल्या माणसाने इथे चार दिवस येऊन राहावं. असो.

माझ्या बायकोची थोरली बहीण सौंसरला दिलेली. त्यामुळे आमचं तिकडे जाणं होतं. या खेपेला शनिवारी दर्शनाला गेलो आणि देवळापेक्षा पार्किंगमध्येच जास्त वेळ घुटमळलो. एका गाडीच्या डिकीला पट्ट्यांनी रॅक बांधला होता आणि त्यावर दोन महागड्या सायकली. खालच्या सायकलचं चाक बरोबर नंबरपाटीवर आलेलं. उजवा इंडिकेटर पेडलाआड. मालक आला तेव्हा मी त्याला नम्रपणेच विचारलं. तोही सज्जन. म्हणाला, "अहो काका, पुढे आहे की नंबर. आणि सायकलवाल्यांना पोलीस अडवत नाहीत."

मी गप्प बसलो, पण बसायला नको होतं. साडभाऊंचा पुतण्या गेल्या वर्षी पहाटे दुचाकीवरून कामाला निघाला होता, तेव्हा मागून आलेल्या गाडीने त्याला उडवलं. मांडीचं हाड मोडलं. शुद्धीत होता, गाडी जाताना त्याने पाहिली. "नंबर नाही दिसला काकाजी. मांगं दोन सायकली टांगल्या होत्या, तेवढंच." पार्किंगमधली ती हीच गाडी, असं मी अजिबात म्हणत नाही. पण अशा गाड्या किती आहेत ते आता मला जागोजागी दिसतं. आपल्याकडेही. २०१९ साली मिरामारला आयर्नमॅन शर्यत झाली, लोकांना सायकलचा नाद लागला, चांगलंच झालं. पण रविवारी सकाळी चोर्ल्याच्या बाजूला जाणाऱ्या गाड्यांची मागची बाजू एकदा नीट पाहा.

मी कारकून माणूस. कचेरीत आलेल्या कागदावर आवक क्रमांक पडला नाही तर तो कागद आलाच नाही, असं धरतात. लोक याला लालफीत म्हणून हसतात. पण ज्याचा कागद हरवतो तो आधी क्रमांकच शोधत येतो. नंबरपाटीचं तेच आहे. ती आपण पैसे भरून घेतो म्हणून आपल्याला ती आपली वाटते. मालकाला तिचा काय उपयोग? स्वतःची गाडी तो रंगावरून ओळखतो. ती पाटी मागून येणाऱ्याची आहे, रस्त्यात पडलेल्याची आहे. तिच्यावर सायकल टांगणं म्हणजे दुसऱ्याची वस्तू झाकून ठेवणं.

दंडाची भीती मी घालणार नाही. मोटार वाहन कायद्याच्या सर्वसाधारण कलमाखाली पहिल्या खेपेला ५०० रुपये म्हणजे आजकाल चौघांचा नाश्ता. हिशेब दुसरीकडे आहे. गाडी ओळखता आली तर जखमी माणूस न्यायाधिकरणात जाऊन त्या गाडीच्या विमा कंपनीकडे उपचार, बुडालेली मजुरी, कायमचं अपंगत्व, सगळ्याची भरपाई मागू शकतो. ओळखता आली नाही तर २०२२ च्या सरकारी योजनेप्रमाणे मृत्यूला २ लाख आणि गंभीर दुखापतीला ५० हजार, विषय संपला. हा सगळा फरक पाटीवरच्या चार आकड्यांचा.

मग लोक सांगतात, फास्टॅग आहे, कॅमेरे आहेत. फास्टॅग टोलनाक्यावर वाचला जातो, सौंसरच्या शेतातल्या रस्त्यावर नव्हे. आणि कॅमेराही चाकाआडचं वाचत नाही. काही जण छापील कागदावर नंबर लिहून सायकलला चिकटवतात. प्रामाणिकपणा आहे, पण तो कागद म्हणजे कायद्याची पाटी नव्हे. २०१९ च्या एप्रिलपासून नव्या गाड्यांना कारखान्यातूनच अशोकचक्राच्या होलोग्रामची, लेझरने आकडा कोरलेली पाटी येते, ती नाक्यावरच्या दुकानात जादा बनवून मिळत नाही. जर्मनीत रॅकवर तोच नंबर पुन्हा लावावा लागतो, ऑस्ट्रेलियात काही राज्ये खास रॅकसाठी वेगळी पाटी देतात. आपल्याकडेही तशी सोय सरसकट मिळावी, ही मागणी सायकलवाल्यांच्या क्लबांनी जरूर करावी. मिळेपर्यंत टपावरचा रॅक आहे, किंवा पुढचं चाक काढून सायकल मागच्या सीटवर आडवी घालता येते. मागे टांगायचीच तर पाटी आणि दिवे मोकळे राहतील इतक्या उंच. रात्री मागची पाटी पांढऱ्या दिव्यात १५ मीटरवरून वाचता यावी असा नियम आहे. तेवढी पावलं मागे चालून स्वतःच पाहावं.

जाता जाता आपल्या भाविकांनाही सांगतो. नव्या गाडीच्या पाटीवर कुंकवाचं स्वस्तिक, वर झेंडूचा हार, शेजारी देवाचं स्टिकर, हे जामसांवलीला पाहिलं तसं आपल्या म्हार्दोळ-मंगेशीलाही पाहतो. हार बॉनेटवर घाला ना. आणि मराठीचा कैवार घेणाऱ्या माझ्याच मित्रांनो, नियमात पाटीवर इंग्रजी अक्षरं आणि इंग्रजी आकडेच आहेत. देवनागरी पाटी लावून भाषा जगत नाही. बेळगावच्या पुढे अपघात झाला तर तिथल्या माणसाला ती वाचताही येणार नाही. मराठीसाठी भांडायला दुसऱ्या जागा पुष्कळ आहेत, मी तिथे तुमच्याबरोबर असतो.

पुतण्याचा भरपाईचा अर्ज मीच भरून दिला, घरात कागदपत्रांचा माणूस म्हणून. सोबत पोलिसांच्या एफआयआरची झेरॉक्स जोडायची होती. हिंदीत टाईप केलेल्या त्या कागदावर गाडीचा नंबर यायला हवा तिथे लिहिलं होतं, 'अज्ञात चार पहिया वाहन'.